नाळेतला आडवा पंखा

भोसरीच्या एका फायबर वर्कशॉपमध्ये गेल्या महिन्यात ९ मीटरची एक मोटरबोट ट्रेलरवर उभी होती. मांडव्याला जाण्याआधी तिला बो थ्रस्टर, म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) आडवी सरकवणारा पंखा, बसवायचा होता. नाळेच्या दोन्ही बाजूंना, पाण्याच्या रेषेखाली, गोल भोकं पाडून झाली होती. कापून निघालेली चकती मी हातात घेतली. तिच्या कडेला काचधाग्यांचे थर वहीच्या पानांसारखे दिसत होते.

चांगल्या बोटीला भोक कशाला? सुकाणू चालतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. धक्क्याला लागताना बोट जेमतेम सरकत असते, सुकाणूत जीव नसतो आणि उंच, हलकी नाळ वाऱ्याबरोबर भरकटते. म्हणून नाळेतून आरपार नळी घालून तिच्यात विजेवर चालणारा पंखा बसवतात. तो पाणी डावीकडे फेकतो, नाळ उजवीकडे सरकते.

जोर किती हवा? बोटीची वाऱ्याला अडणारी बाजू १२ चौरस मीटर धरा आणि आडवा वारा ताशी २९ किलोमीटर. बोटीवर साधारण ४७ किलो वजनाइतका रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. पण हा रेटा बोटीच्या मध्यावर येतो आणि पंखा असतो टोकाला. पिछाडी दोराने धक्क्याला धरलेली असेल, तर निम्म्या जोरात नाळ आवरते. जात्याचा खुंटा कडेला असतो तो याचसाठी.

मग नळी अगदी टोकाला का नको? कारण तिथे बोट उथळ होत जाते. नळीचा वरचा काठ पाण्याखाली निदान अर्ध्या व्यासाइतका, जमल्यास पूर्ण व्यासाइतका खोल हवा. नाहीतर पंखा हवा ओढतो आणि नुसता घरघरतो. माझ्या मते मोठी मोटर घेण्याआधी या जागेवर डोकं खपवावं. नळीच्या तोंडाची कडही गोलवावी लागते. धारदार कडेवरून आत वळताना पाणी भिंतीपासून सुटतं, भोवरे होतात, जोर घटतो.

विजेचं गणित तर डोळे उघडणारं आहे. ३ किलोवॅटचा गीझर घरात १३ अँपिअर घेतो. तेवढीच मोटर १२ व्होल्टवर २५० अँपिअर ओढते! बॅटरी मागे इंजिनापाशी ठेवली आणि ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाऊन-येऊन १२ मीटर झाली, तर वाटेतच १ व्होल्ट जातो. बॅटरी नाळेत आणून केबल ३ मीटरवर आणली की तोटा पाव व्होल्टवर येतो. शिवाय एवढ्या प्रवाहाने मोटर झपाट्याने तापते, त्यामुळे बटण दोन-चार सेकंदच दाबायचं.

शेवटी पंख्याच्या टोकाला जस्ताचा तुकडा बसवला. खाऱ्या पाण्यात तो आधी झिजतो आणि बाकीचा धातू वाचतो. हीच बोट मुळशीच्या गोड्या पाण्यात राहणार असती, तर जस्तावर थर धरून ते निकामी झालं असतं. तिथे मॅग्नेशियम लागलं असतं.