कोरियातली भावकी आणि पितरविधीतली लेकींची गेलेली पाळी

कोरियाच्या खेड्यात ‘मुंजुंग’ म्हणजे एका मूळपुरुषाची भावकी आणि ‘जेसा’ म्हणजे पितरांचा विधी. थोरल्या पातीतल्या थोरल्या मुलानेच तो करायचा, ही रीत अनादि काळापासूनची समजली जाते. ती तशी नाही.

ग्योंगजूजवळचे यांगदोंग गाव सोन आणि यी या दोन कुळांचे. सोन सो (1433–84) इथे सासुरवाडीला येऊन राहिला, आणि त्याच्याच मुलीशी लग्न करून यी बोन आला. दोन्ही कुळे गावात आली ती जावयांच्या पावलांनी! तेव्हाची वहिवाटच तशी होती. 1485 च्या राजसंहितेत मुलगा-मुलीला सारखा वाटा होता, पितरांचे करणाऱ्याला एक पंचमांश जादा. विधीच्या पाळ्या भावंडांत फिरत, लेकींकडेही. 1476 च्या आंदोंग क्वोन कुळाच्या वंशावळीत मुले-मुली जन्मक्रमाने येतात.

सतराव्या शतकात जमिनीचे तुकडे पडू लागले, चीनचे कन्फ्यूशियन विचारवंत जू शी यांच्या गृहविधींचा पगडाही वाढला. बुआन किम घराण्याच्या 1669 च्या कागदात मुलींची विधीची पाळी बंद केलेली आहे आणि त्यांचा वाटा मुलाच्या वाट्याच्या एक तृतीयांशावर आणला आहे.

मग सगळा भार थोरल्या घरावर आला. चार पिढ्यांची जोडपी म्हणजे आठ तिथी, शिवाय नववर्ष आणि छुसक हा सुगीचा सण. भात पश्चिमेला, सूप पूर्वेला, म्हणजे जिवंतांच्या पानाच्या उलट; लाल मिरची आणि लसूण वर्ज्य. मद्य तीनदा अर्पण झाले की भातात चमचा उभा खोचतात, दार ओढून घेतात आणि नऊ घास खाऊन होतील एवढा वेळ थांबतात. हल्ली चूक होते ती वेळेत. मूळ विधी मृत्युतिथी लागताच मध्यरात्री होई, स्वयंपाक आदल्या दिवशी. आता सोयीसाठी विधी संध्याकाळी करताना काही घरे तो आदल्या संध्याकाळीच उरकतात. त्या वेळी माणूस अजून जिवंत होता.

चार पिढ्यांपलीकडच्यांचा नामफलक कबरीपाशी पुरतात. पुढे वर्षातून एकदा, चांद्र दहाव्या महिन्यात, कबरीवरच विधी होतो. त्याचा खर्च ‘विथो’ या राखीव शेतातून निघे. 1949 च्या जमीन सुधारणा कायद्यानेही कबरीमागे 600 प्योंग, म्हणजे सुमारे 20 गुंठे, वगळले होते. दुखणे होते सातबाऱ्यासारख्या नोंदीत. 1910–18 च्या जपानी मोजणीत भावकीची पुष्कळ शेते एकेकाच्या नावावर चढली, आणि नंतर वारसांनी ती परस्पर विकली की कज्जे उभे राहिले.

2005 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान स्त्रियांनाही भावकीचे सभासद मानले. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की वारसांचे एकमत नसेल तर विधीचा मान वयाने थोरल्या अपत्याचा, मग तो मुलगा असो वा मुलगी.