यरुशलेमचे मंदिर आणि गावोगावचे मआमाद

यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू वेदीवर अर्पण होत असे. हे नित्यार्पण कोणा एका यजमानाचे नव्हते. ते साऱ्या इस्राएलच्या नावाने आणि सार्वजनिक निधीतून होई. पण ज्याच्या नावाने अर्पण होते तो माणूस दूर उत्तरेकडच्या गालीलात आपल्या शेतावर असेल, तर ते अर्पण त्याचे कसे म्हणायचे? इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेने हा प्रश्न थेट विचारला आहे, आणि दूरच्या गावांचा मंदिराशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

मंदिरात अर्पणे करणाऱ्या याजकांचे २४ वर्ग होते. प्रत्येक वर्ग, म्हणजे मिश्मार, पाळीने आठवडाभर सेवेला येई. मिश्नानुसार वरच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रत्येक मिश्मारला याजक, लेवी (मंदिरातील त्यांचे सहायक) आणि सामान्य इस्राएली यांचा एक मआमाद जोडलेला होता. मआमाद म्हणजे ‘उभे राहणे’, साऱ्या लोकांच्या वतीने अर्पणाला हजर राहणारा गट. पाळी आली की याजक आणि लेवी यरुशलेमला जात, आणि त्या भागातले सामान्य लोक आपापल्या गावी जमून बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातील सृष्टीच्या निर्मितीचे वर्णन वाचत, दिवसागणिक पुढचा भाग घेत. सोमवार ते गुरुवार ते उपास करत. शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, शब्बाथाच्या, मानाखातर शुक्रवारी उपास नसे, आणि विश्रांतीच्या आनंदातून एकदम कष्ट व उपवासात पडू नये म्हणून रविवारीही नसे. मिश्नावरील नंतरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदात या चार उपासांची कारणे दिली आहेत: सोमवारचा समुद्रावर गेलेल्यांसाठी, मंगळवारचा वाळवंटातून प्रवास करणाऱ्यांसाठी, बुधवारचा लहान मुलांना घशाचा जीवघेणा रोग होऊ नये म्हणून, आणि गुरुवारचा गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी. मंदिरापासून कितीतरी कोस दूर बसलेल्या गावाने आपल्या घरादाराची काळजी अशी वेदीवरच्या अर्पणाशी जोडून घेतली होती, आणि मला या साऱ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

प्रथमफळे, म्हणजे हंगामातली पहिली फळे, मंदिरात नेण्याची यात्राही याच रचनेवर उभी होती. मआमादच्या मुख्य गावी परिसरातले लोक जमत आणि कोणाच्या घरात न जाता रात्री चौकातच झोपत. पहाटे प्रमुख हाक देई, ‘उठा, सियोनेला (यरुशलेमला), आपल्या देवाच्या मंदिरी जाऊ या.’ शिंगे सोन्याने मढवलेला आणि डोक्यावर जैतुनाचा मुकुट ल्यालेला बैल पुढे चाले, त्याच्यापुढे बासरी वाजे. जवळचे लोक ताजी अंजिरे व द्राक्षे आणत; दूरच्यांची फळे वाटेत टिकणार नाहीत म्हणून ते सुकी अंजिरे आणि मनुका आणत. शहरात शिरताना यरुशलेमचे कारागीर हातातले काम थांबवून उभे राहत आणि गावाचे नाव घेऊन या भावांचे स्वागत करत.

पैशाची बाजू अर्ध्या शेकेलच्या (शेकेल हे चांदीचे नाणे) वार्षिक वर्गणीने सांभाळली जाई. यहुदी पंचांगातील अदार महिन्याच्या १ तारखेला तिची घोषणा होई, १५ तारखेपासून बाहेरगावी आणि २५ तारखेपासून मंदिरात वसुलीची मेजे मांडली जात. परदेशी वसलेले यहुदीही ती पाठवत. बाबेलच्या प्रदेशात नहार्दिया आणि निसिबिस येथे ती गोळा होऊन मोठ्या जमावाच्या संरक्षणात यरुशलेमला जाई. इ.स.पू. ६२च्या सुमारास आशिया प्रांताचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानाचा) रोमन सुभेदार फ्लाक्कस याने हे सोने जप्त केले, तेव्हा एकट्या अपामेया शहरात ते १०० रोमन पौंडांच्या जवळपास भरले.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले, आणि वेस्पासियन बादशहाने ही वर्गणी कराच्या रूपाने रोममधील ज्युपिटरच्या मंदिराकडे वळवली. पाळ्यांची आठवण मात्र गावांनी सोडली नाही. भूमध्य समुद्रकाठच्या कैसरीया या प्राचीन शहरात १९६२ साली संगमरवरी शिलालेखाचे तुकडे सापडले. मंदिर पडल्यानंतर कित्येक पिढ्यांनी कोरलेल्या त्या लेखात याजकांचे वर्ग आणि गालीलातील त्यांची गावे क्रमाने दिली होती, आणि त्यांत येशूच्या नासरेथ या गावाचेही नाव आहे.