सॅकरिनच्या सुरक्षिततेचा वाद

सॅकरिन हे सर्वांत जुने कृत्रिम मधुरक. साखरेपेक्षा सुमारे 300 पट गोड, उष्मांक जवळपास शून्य आणि गिळल्यावर मागे किंचित कडवट चव. ते आरोग्याला अपायकारक आहे की नाही, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मात्र या काळात वादाचा मुद्दाच बदलत गेला.

1879 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फाल्बर्ग हे डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांवर काम करत होते. हात नीट न धुता जेवायला बसल्यामुळे त्यांना ही गोडी सापडली, असे सांगतात. पुढे पेटंट फाल्बर्ग यांनी एकट्याच्याच नावावर घेतले आणि रेमसन कायमचे दुखावले. नव्या पदार्थाला पहिला जोरदार विरोध झाला तो बाजारातून. जर्मनीतील बीट-साखर कारखानदारांच्या दबावामुळे 1902 च्या कायद्याने त्याची विक्री औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित झाली. परिणामी स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात सुरू झाली.

अमेरिकेत शुद्ध अन्नाच्या चळवळीचे अध्वर्यू हार्वी वायली यांनी सॅकरिनवर बंदी मागितली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांच्या डॉक्टरांनी तेच घ्यायला सांगितले होते. सॅकरिनला अपायकारक म्हणणारा मूर्ख आहे, असे ते वायलींना तोंडावर म्हणाले. त्या वेळी दोघांच्याही हाती ठोस पुरावा नव्हता.

खरा भडका 1977 मध्ये उडाला. कॅनडातील प्रयोगांत आहाराच्या 5 टक्के सॅकरिन खाल्लेल्या नर उंदरांना, विशेषतः पुढच्या पिढीत, मूत्राशयाचा कर्करोग झाला. कॅनडाने त्याच्या अन्नातील वापरावर बंदी घातली. अमेरिकेत 1958 च्या डिलेनी कलमानुसार, प्राण्यांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाला अन्नात कोणत्याही मात्रेत जागा नव्हती. त्यामुळे तेथील अन्न व औषध प्रशासनानेही बंदी प्रस्तावित केली. पण सायक्लामेट या दुसऱ्या कृत्रिम मधुरकावर आधीच बंदी आलेली असल्याने मधुमेहींकडे दुसरा पर्याय उरला नव्हता. लोक खवळले आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बंदी थोपवून केवळ धोक्याची सूचना छापणे सक्तीचे केले. माणसाला एवढी मात्रा मिळायला दिवसाला शेकडो बाटल्या शीतपेय प्यावे लागेल, हा विरोधकांचा टोला तेव्हा गाजला. तो चपखल असला तरी अपुरा होता, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत मात्रा मुद्दामच जास्त ठेवतात.

उत्तर मिळाले ते उंदराच्या शरीररचनेतून. सॅकरिनचा बहुतांश भाग शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. नर उंदराच्या लघवीत प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतात. त्यात मोठ्या मात्रेतील सोडियम सॅकरिन मिसळले की सूक्ष्म स्फटिक तयार होतात, मूत्राशयाचे अस्तर सतत खरवडले जाते आणि त्याची झीज भरून निघताना गाठी वाढतात. माणसात हे घडत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1999 मध्ये सॅकरिनला गट 3 मध्ये, म्हणजे माणसाबाबत वर्गीकरण करता येत नाही अशा पदार्थांत ठेवले. 2000 मध्ये अमेरिकेतली सूचना गेली आणि 2014 मध्ये कॅनडाने बंदी उठवली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 5 वरून 9 मिलिग्रॅम केली.

कर्करोगाची भीती ओसरल्यावर प्रश्न आतड्यांकडे वळला. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील गटाने 2014 मध्ये सॅकरिनमुळे आतड्यांतील जीवाणूंचे प्रमाण बदलून ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडते, असे उंदरांत आणि काही माणसांत दाखवले. 2022 च्या त्यांच्याच मोठ्या चाचणीत हा परिणाम व्यक्तीगणिक वेगळा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर मधुरके वापरू नयेत असे सुचवले. आधीच मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही, हे मात्र बातम्यांतून बहुधा गळून पडले.

महाराष्ट्रात सॅकरिनची ओळख मधुमेहाच्या गोळीइतकीच स्वस्त सरबताशी आणि बर्फाच्या गोळ्याशी जोडलेली आहे. भारतात सुपारी व पानमसाल्यात ते ठरावीक मर्यादेत चालते. त्या पुडीत मात्र सॅकरिनबद्दल भांडण्यात अर्थ नाही. सुपारी स्वतःच गट 1 मधली, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी ठरलेली आहे.