सांगली-मिरजेत भाड्याची बिल्डिंग घेताना : कर्जाची पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

तळमजला अधिक दोन मजले, चार-सहा छोटे फ्लॅट आणि प्रत्येकात भाडेकरू, अशा बिल्डिंगा सांगली, मिरज, कुपवाडला विक्रीला येत असतात. विश्रामबागेला विद्यार्थी, मिरजेला दवाखान्यांतले कर्मचारी, कुपवाडला एमआयडीसीतले कामगार. भाडेकरू मिळायला अडचण नाही. अडते ते कर्जात. पगार कितीही चांगला असला तरी बँक बिल्डिंगची फाईल बघते. ती आधी आपण बघावी, विसार (सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम) नंतर द्यावा.

कर्ज कोणत्या खात्यात बसते

शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा. चार स्वतंत्र फ्लॅट म्हणजे बँकेच्या हिशेबात चार घरे ठरू शकतात, आणि एका व्यक्तीच्या तिसऱ्या घरापासून पुढचे कर्ज बँका सहसा व्यावसायिक स्थावर मालमत्तेत धरतात. तिथे व्याज जास्त, मुदत कमी आणि पदरचे पैसेही जास्त घालावे लागतात. तळमजल्याला दुकान गाळे असतील तर प्रश्न आणखी वाढतो. ‘होऊन जाईल’ या तोंडी उत्तरावर विसार देऊ नका, मंजुरीपत्र हातात येऊ द्या.

गृहकर्जात बसलेच, तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी : ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यापुढे ७५. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत.

अर्जासोबत पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, नोकरदाराला फॉर्म १६ आणि पगारपत्रके, व्यावसायिकाला तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे लागतात. आजच्या भाडेकरूंचे भाडे पात्रतेत धरून हवे असेल तर नोंदणीकृत करार आणि विकणाऱ्याच्या विवरणपत्रात ते भाडे दिसले पाहिजे. रोखीने, वहीवर चाललेले भाडे बँकेला दिसत नाही.

फाईलमध्ये काय हवे

प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, चालू घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, आधीच्या खरेदीखतांची साखळी आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाच्या नोंदींचा तपास). मिळकत वारसाहक्काने आलेली असेल तर बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदणीकृत आहेत का ते बघा. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेली संमती पुरत नाही.

सांगलीत गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले, भूखंड भरपूर. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. हातात पडलेले प्रमाणपत्र फक्त भूखंडाचे आहे की वरच्या बांधकामाचेही, हे ओळ न् ओळ वाचा.

खरी गफलत मंजूर नकाशात सापडते. नकाशा एका बंगल्याचा, उभे आहेत चार फ्लॅट, आणि वरचा मजला कुठल्याच कागदावर नाही. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर बांधकामच मोजतो. समजा सौदा ८० लाखांचा. तुम्ही ८० टक्के धरून ६४ लाखांच्या कर्जाची आशा ठेवली. मूल्यांकन आले ६२ लाख, म्हणजे कर्ज ४९ लाख ६० हजार. १४ लाख ४० हजारांचा खड्डा पडला, आणि विसार पावतीत ‘कर्ज न मिळाल्यास विसार परत’ ही ओळ नसेल तर विसारही गेला. पुढे बघा : ९ टक्के व्याजाने १५ वर्षांचा हप्ता होतो साधारण ५० हजार ३००, चार फ्लॅटचे नऊ हजारांप्रमाणे भाडे ३६ हजार. म्हणजे हप्ता भाड्यातून भागत नाही, एखादा फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर आणखीच नाही. असा सौदा किंमत खाली आणूनच करावा.

पूररेषा आणि भाडेकरू

२०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी धोक्याच्या ४५ फुटांवरून ५७ फुटांपलीकडे गेली होती. मिळकत निळ्या पूररेषेच्या (नदीलगतची, बांधकामाला मनाई असलेली हद्द) आत आहे की लाल रेषेच्या (त्यापलीकडच्या मोठ्या पुराची हद्द), हे महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढून तपासा. निळ्या रेषेच्या आत पुढे वाढीव बांधकामाचा विचारच सोडा.

विक्रीने भाडेकरू आपोआप निघत नाही. लिव्ह अँड लायसन्स कराराची (ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना) मुदत संपली की ताबा मागता येतो. वर्षानुवर्षे पावतीवर राहणाऱ्या जुन्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते आणि त्याचे भाडे वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढते. भाडेकरूंची डिपॉझिटे विकणाऱ्याकडे असतात, परत मात्र तुम्हाला करावी लागतात. ती रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा करून खरेदीखतात लिहा.

नोंदणी

महापालिका हद्दीत मुद्रांक ५ टक्के अधिक १ टक्का अधिभार. रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत आणि सौद्याची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर. निवासी मिळकत फक्त महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार. सौदा रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली दाखवला, तर तो फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरला जातो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस (प्राप्तिकर) कापून भरायचा. विकणारे चार भाऊ असले तरी एकूण किंमतच बघतात.

ऑनलाइन चलन, डेटा एंट्री, वेळ आरक्षित करून दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकांकडे हजेरी. सहीनंतर दस्त चार महिन्यांत सादर झाला पाहिजे. मूळ खरेदीखत बँकेकडे तारण ठेवल्यावर ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (मिळकत तारण ठेवल्याची सूचना) दाखल करायची असते. हे बँक करते असे समजून अनेकजण विसरतात, पोच मागून घ्या.

मग फेरफार, घरपट्टीवर नाव, महावितरणच्या प्रत्येक मीटरचे नाव बदलणे. भाडेकरूंशी नवे करार खरेदीखताच्या तारखेनंतरचे करून नोंदवा. शहरात करार नोंदणीला १ हजार रुपये लागतात, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी लागते.