उत्पादन धोरण आणि वरिष्ठ नेतृत्वाची संमती

उत्पादन धोरण : एखादे उत्पादन कोणत्या ग्राहकासाठी आणि त्याच्या कोणत्या अडचणीसाठी बनवायचे, त्यासाठी पैसा व माणसे कुठे लावायची आणि कुठून काढून घ्यायची, याविषयीचे एकमेकांना धरून असलेले निर्णय. व्यवहारात ‘प्रॉडक्ट स्ट्रॅटेजी’ हा शब्दच अधिक रूढ आहे. ते बहुधा प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे त्या उत्पादनाची जबाबदारी सांभाळणारा माणूस, लिहितो; पण मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्तप्रमुख, तंत्रप्रमुख आणि विक्रीप्रमुख यांना ते पटल्याखेरीज त्यामागे पैसा उभा राहत नाही. म्हणून धोरण आखणे आणि ते पटवणे ही कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

धोरण आणि रोडमॅप यांत वारंवार गल्लत होते. रोडमॅप म्हणजे काय, कधी तयार होणार याचे वेळापत्रक. तेच काम का करायचे, आणि त्याऐवजी शक्य असलेली दुसरी कामे का सोडायची, हे धोरण सांगते. तीस सुविधांची यादी आणि वर ‘बाजारात अव्वल होणे’ असा मथळा, हा प्रकार ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीत नेमका बसतो. अनुभवी अधिकारी तो पहिल्या पानावर ओळखतात, कारण त्यात कोणालाच नकार दिलेला नसतो.

नकार हा धोरणाचा कणा आहे. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स ॲपलमध्ये परतले तेव्हा कंपनी त्या एका आर्थिक वर्षात सुमारे १ अब्ज डॉलरच्या तोट्यात होती आणि संगणकांची मॉडेले इतकी झाली होती की ग्राहकाला निवड करणे अवघड जाई. त्यांनी चार चौकोनांचा एक तक्ता मांडला : एका बाजूला सामान्य ग्राहक व व्यावसायिक, दुसऱ्या बाजूला टेबलावरचा व सोबत नेण्याचा संगणक. प्रत्येक चौकोनात एकच उत्पादन. बाकीची बहुतेक बंद. त्या तक्त्याची खरी ताकद चौकोनांच्या बाहेर राहिलेल्या जागेत होती. आपला विभाग का बंद होतोय हे ऐकणाऱ्याला त्यातून कळत होते, आवडो वा न आवडो.

वरिष्ठांच्या कठोर प्रश्नांमागे अनेकदा अहंकार शोधला जातो. तो कधी असतोही. पण बहुतेक वेळा प्रत्येक जण आपल्या जबाबदारीतला धोका चाचपत असतो. गुंतवलेला पैसा किती महिन्यांत परत येईल, हा वित्तप्रमुखाचा प्रश्न. तंत्रप्रमुखाला कळायचे असते, की हीच माणसे आज ज्या कामावर आहेत त्याचे काय होणार. विक्रीप्रमुखाच्या डोक्यात चालू तिमाही असते, आणि हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागण्याची त्याची भीती रास्त असते. या सगळ्यांना एकच गुळगुळीत सादरीकरण दाखवले तर कोणाच्याच प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

म्हणून महत्त्वाच्या बैठकीआधी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे हा या कामाचा भागच मानला जातो. जपानी उद्योगांत, विशेषतः टोयोटात, यासाठी ‘नेमावाशी’ हा शब्द आहे. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करणे, हा त्याचा मूळ अर्थ. याला कानाफुसी समजणे चूक आहे. आक्षेप आधी कळला तर धोरण दुरुस्त करता येते. भर बैठकीत कळला तर लेखकाला बचावच करावा लागतो.

मांडणीच्या रीती संस्थेनुसार बदलतात. टोयोटात समस्या, कारणे आणि उपाय एका ए-३ कागदावर बसवण्याची शिस्त आहे. साबणासारख्या घरगुती वस्तू बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये एका पानाच्या टिपणाची परंपरा होती. तरी १९३१ मध्ये नील मॅकेलरॉय यांनी प्रत्येक ब्रँडला स्वतंत्र जबाबदार माणूस हवा, हा प्रस्ताव तीन पानांत मांडला आणि तो मान्य झाला. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या भूमिकेचा उगम बरेच जण त्या टिपणात पाहतात. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून स्लाइड बंद केल्या. त्यांच्या जागी जास्तीत जास्त सहा पानांचे सलग गद्य आले, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचू लागले. सलग वाक्यांत ‘म्हणून’ आणि ‘कारण’ लिहावेच लागते. ठिपके देऊन केलेल्या यादीत ते गाळता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते धोरणासाठी गद्यच अधिक प्रामाणिक माध्यम आहे.

मागणी मात्र पहिल्या परिच्छेदातच यायला हवी : किती माणसे, किती पैसा, किती काळ, आणि आज कोणता निर्णय अपेक्षित आहे. ताकाला जाऊन भांडे लपवले की वाचणारा उरलेला वेळ ते भांडे शोधण्यात घालवतो.

आकड्यांबाबत सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ज्या गृहीतकावर निर्णय उलटू शकतो ते उघड सांगणे. समजा, एक ग्राहक मिळवायला ३०० एकक खर्च येतो आणि त्याच्याकडून दरमहा २५ एकक नफा मिळतो. खर्च १२ महिन्यांत वसूल होतो. ग्राहक सरासरी २० महिने टिकला तर प्रत्येकामागे २०० एकक उरतात. १० महिन्यांत गेला तर ५० एककांचा तोटा. इथे बाजारपेठेचा प्रचंड आकार सांगून काही साधत नाही, कारण सगळा डाव ग्राहक किती टिकतो यावर आहे. जो लेखक हे स्वतः सांगतो आणि ते तपासण्यासाठी लहान प्रयोग सुचवतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्रीमॉर्टेम’ पद्धत याच कामी येते : प्रकल्प फसला आहे असे आधीच धरून त्याची कारणे प्रत्येकाने लिहायची.

कधी अडथळा आकड्यांचा नसून जुन्या ओळखीचा असतो. इंटेल ही कंपनी मेमरी चिपवर, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या चिपवर, उभी राहिली होती आणि १९८५ च्या सुमारास जपानी स्पर्धकांपुढे त्याच व्यवसायात हरत होती. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष (प्रेसिडेंट) अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले, की आपल्याला काढून संचालक मंडळाने नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मेमरीतून बाहेर पडेल, असे मूर यांचे उत्तर होते. मग तेच आपण का करू नये, असा ग्रोव्ह यांचा पुढचा प्रश्न होता. तोटा दोघांनाही आधीपासून दिसत होता. त्या प्रश्नाने त्यांना स्वतःच्या भूतकाळापासून क्षणभर दूर उभे केले.

मंजुरी मिळाल्यावर निर्णय, त्यामागची गृहीतके, नोंदवलेले मतभेद आणि फेरविचाराची तारीख एकाच टिपणात लिहून ठेवतात. सहा महिन्यांनी नवा अधिकारी रुजू झाला, तर तो बहुधा हेच पान आधी मागतो.