आल्बा लोंगाचे राजे: ट्रॉय आणि रोम यांच्यामधली चारशे वर्षं

रोमची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती लांडगीपासून. टायबरच्या पुरात सोडलेली जुळी मुलं, त्यांना दूध पाजणारी लांडगी, आणि पुढे भावाला मारून रोम्युलसने वसवलेलं नगर. एखाद्या रोमन माणसाने मात्र गोष्ट तिथून सुरू केली नसती. रोम्युलसची आई कोण, तिचा बाप कोण, त्याचं राज्य कुठलं, असं मागे मागे जात तो ट्रॉयच्या जळत्या वेशीपाशी पोचला असता. या दोन टोकांच्या मध्ये आल्बा लोंगा नावाच्या नगरीच्या राजांची वंशावळ आहे. रोमच्या साऱ्या पुराणकथांत मला ती सगळ्यात बोलकी वाटते, कारण ती का रचावी लागली हे तिच्या सांध्यांतून अजून दिसतं.

मुळात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. लांडगी आणि जुळे ही रोमची घरची कथा. इ. स. पूर्व २९६मध्ये ओगुल्नियस घराण्यातल्या दोघा भावांनी रोममधल्या पवित्र अंजिराच्या झाडाखाली लांडगीखालच्या जुळ्यांची मूर्ती बसवली होती, म्हणजे तोवर ती कथा पक्की रुजलेली होती. एनियसची गोष्ट मात्र ग्रीकांची. होमरच्या काव्यात तो ट्रॉयचा राजवंशीय वीर आहे. तो पश्चिमेला गेला असं ग्रीक सांगू लागले आणि इटलीतल्या लोकांनी त्याला आपलंसं केलं. रोमजवळच्या वेई या इट्रुस्कन शहरात म्हाताऱ्या बापाला उचलून नेणाऱ्या एनियसच्या छोट्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. लॅटिन लोकांचा मूळ पुरुष लॅटिनस याच्यावरही ग्रीकांनी आधीच हक्क सांगितला होता. ग्रीक कवी हेसिओडच्या नावावरच्या ओळींत तो ग्रीक वीर ओडिसियस आणि जादूगारीण सर्सी यांचा मुलगा आहे. रोमन परंपरेने त्याला इथला स्थानिक राजा केलं. त्याची मुलगी लाविनिया एनियसला दिली आणि तिच्या नावाने लाविनियम हे गाव वसलं.

सुरुवातीच्या रोमन कवींनी दोन्ही गोष्टी अगदी सरळ जोडल्या. नेवियस आणि एन्नियस (नाव सारखं वाटलं तरी हा कवी ट्रॉयच्या एनियसहून वेगळा) या दोघांनी रोम्युलसला एनियसच्या मुलीचा मुलगा ठरवलं. आजोबा ट्रॉयचे, नातू रोमचा. ऐकायला छान, पण गणित जुळेना. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने ट्रॉयच्या पाडावाचं वर्ष काढलं: इ. स. पूर्व ११८४. रोमच्या स्थापनेबद्दल रोमन इतिहासकारांचे आकडे थोडे वेगवेगळे होते, पण बहुतेक सगळे आठव्या शतकातच येत होते. शेवटी रोमन पंडित व्हॅरोचं इ. स. पूर्व ७५३ हे वर्ष रूढ झालं. मध्ये ४३१ वर्षं. आजोबा आणि नातू यांच्यात एवढं अंतर पडू शकत नाही.

ही पोकळी आल्बाच्या राजांनी भरली. एनियसचा मुलगा अस्कानियस लाविनियम सोडतो, डोंगरात सरोवराकाठी आल्बा लोंगा वसवतो आणि तिथे पिढ्यानपिढ्या सिल्वियस घराणं राज्य करतं. रोमन इतिहासकार लिव्हीची यादी अशी: सिल्वियस, एनियस सिल्वियस, लॅटिनस सिल्वियस, आल्बा, आटिस, कापिस, कापेटस, टायबेरिनस, अग्रिप्पा, रोम्युलस सिल्वियस, अव्हेंटिनस, प्रोका. मग न्युमिटर आणि त्याचं राज्य बळकावणारा भाऊ अम्युलियस. न्युमिटरची मुलगी ती जुळ्यांची आई.

या नावांकडे जरा नीट पाहा. आल्बा हे गावाचंच नाव. टायबेरिनस नदी ओलांडताना बुडाला, म्हणून पूर्वीची आल्बुला नदी टायबर झाली. अव्हेंटिनसला ज्या टेकडीवर पुरलं ती अव्हेंटाइन. सिल्वियस रानात जन्मला, आणि लॅटिनमध्ये रानाला सिल्वा म्हणतात. कापिस हे तर होमरमध्ये एनियसच्या आजोबांचंच नाव. डोंगर, नदी, रान आणि जुन्या ग्रीक काव्यातली उसनी नावं, यांतून एक आख्खा राजवंश उभा राहिला. यातले बरेच राजे काहीही करत नाहीत. येतात, राज्य करतात, मुलाच्या हाती गादी देऊन जातात. वर्षं भरायची एवढंच त्यांचं काम.

एखादाच जिवंत होतो. लिव्हीच्या यादीतल्या रोम्युलस सिल्वियसला हॅलिकार्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस ‘अलोडियस’ म्हणतो. हा राजा आपण देव आहोत असं भासवायला विजा आणि गडगडाट यांची नक्कल करून लोकांना घाबरवायचा. मग खरी वीज त्याच्या घरावर पडली, सरोवराला पूर आला आणि तो सगळ्या कुटुंबासह बुडाला. डायोनिसियस सांगतो, पाणी निवळ असलं की तळाशी त्या वाड्याच्या पडव्यांचे अवशेष आजही दिसतात. ते सरोवर म्हणजे रोमच्या आग्नेयेचं आल्बानो, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं.

वंशावळीचा सगळ्यात नाजूक सांधा आहे अस्कानियसचा. तो एनियसची ट्रॉयमधली बायको क्रेउसा हिचा मुलगा की लाविनियाचा? लिव्ही मोकळेपणाने म्हणतो, इतक्या जुन्या गोष्टीबद्दल छातीठोकपणे कोण सांगणार? पण त्याच्या काळात हा प्रश्न फक्त पंडितांचा उरला नव्हता. अस्कानियसचं दुसरं नाव यूलस, आणि आपण ज्युलियस म्हणतो त्या घराण्याचा लॅटिन उच्चार यूलियस. यूलस एनियसचा वारस, एनियस व्हीनसचा मुलगा, म्हणून हे घराणं देवीच्या रक्ताचं. इ. स. पूर्व ६९मध्ये आपल्या आत्याच्या अंत्यविधीच्या भाषणात तरुण ज्युलियस सीझरने हे भर चौकात सांगितलं: आत्याची आई अँकस मार्शियस राजाच्या कुळातली, वडील व्हीनसच्या. पुढे त्याने काढलेल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला व्हीनस आहे. दुसऱ्या बाजूला एनियस चालतोय, डाव्या खांद्यावर बाप, उजव्या हातात ट्रॉयहून आणलेली देवीची मूर्ती. बाजूला एकच शब्द, सीझर.

पण मग आल्बाची गादी यूलसच्या वंशजांकडे न राहता सिल्वियसकडे कशी गेली? त्याचं उत्तरही डायोनिसियसकडे आहे. लोकांनी राज्य सिल्वियसला दिलं आणि यूलसला (त्याच्याकडे हा अस्कानियसचा मुलगा आहे) त्याबदली एक धार्मिक अधिकार दिला, जो त्याचं घराणं अजून भोगतंय. सीझरचा दत्तक वारस, सम्राट ऑगस्टस याच्या रोममध्ये हे वाचणाऱ्याला ‘अजून’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता. इ. स. पूर्व २मध्ये ऑगस्टसने आपला नवा चौक खुला केला, तेव्हा एका बाजूच्या अर्धगोलात एनियस, आल्बाचे राजे आणि यूलियस घराण्याचे पूर्वज दगडात ओळीने उभे होते. समोरच्या बाजूला रोम्युलस आणि रोमचे थोर पुरुष.

हे घराणं एकटं नव्हतं. रोमजवळच्या टस्क्युलम गावचं मामिलियस घराणं ओडिसियसचा मुलगा टेलेगोनस याच्यापासून आपली कुळी सांगे. त्यांच्यातल्या एकाच्या नाण्यावर काठी टेकत घरी परतणारा ओडिसियस आहे आणि त्याला ओळखणारा त्याचा कुत्रा. सीझरच्या काळातला वक्ता सिसेरो याने मात्र तक्रार करून ठेवली आहे की अशा खोट्या वंशावळींनी आणि खोट्या विजयांनी रोमचा इतिहास बिघडला.

आल्बा लोंगाचं पुढे काय झालं? परंपरा सांगते की रोमचा तिसरा राजा टुलस होस्टिलियस याने ते पाडलं, देवळं तेवढी राखली आणि यूलियससारखी घराणी रोमला आणली. सरोवराभोवती उत्खननात जुनी थडगी आणि विखुरलेल्या वस्त्या मिळाल्या, पण कथेतली मोठी राजधानी मिळाली नाही. तरी कथा नुसती हवेत नव्हती. जवळच्या आल्बान डोंगरावर दरवर्षी लॅटिन गावं ज्युपिटरच्या यज्ञाला जमत आणि बळीचं मांस वाटून घेत. आणि डोंगराच्या पायथ्याशी बोव्हिले गावात एक दगडी वेदी सापडली, सीझरच्या जन्माच्या आगेमागे कोरलेली. यूलियस कुळाच्या लोकांनी वेदिओव्हिस या देवाला ती अर्पण केली आहे, आणि ती कुठल्या नियमाने अर्पण केली तेही तिच्यावर जुन्या वळणाच्या लॅटिनमध्ये लिहिलंय: आल्बाच्या कायद्याने.