सूनियनचं देऊळ कुणासाठी उभं राहिलं?

अथेन्सहून बस किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण ७० किलोमीटर येते आणि ग्रीसमधल्या सूनियनच्या भूशिरावर समुद्रदेव पोसायडनच्या मंदिरात आपण जमिनीकडून, एका अर्थी मागच्या दाराने शिरतो. ज्यांना या जागेचं मोल होतं ते समुद्रावरून यायचे. ॲटिकाचं, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशाचं, हे दक्षिण टोक दिसलं की एजियन बेटांकडून येणाऱ्या खलाशाला घर जवळ आल्याचं कळायचं.

होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात या जागेला पवित्र म्हटलंय. ट्रॉयच्या युद्धाहून परतताना स्पार्टाचा राजा मेनेलाउसचा सुकाणूवाला फ्रोंटिस इथेच दगावतो. अथेन्सच्या इजिअस राजाने परतणाऱ्या जहाजाची काळी शिडं पाहून, मुलगा थिसिअस मेला असं समजून इथूनच उडी घेतली अशीही कथा आहे. दुसऱ्या एका पाठात तो अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरून उडी घेतो, पण सूर्यास्ताला आलेल्या गर्दीला सूनियनच जास्त पटतं.

आधीचं देऊळ इ.स.पू. ४८०च्या स्वारीत पर्शियनांनी पाडलं. त्याच वर्षी सलामिसच्या आरमारी लढाईत पर्शियन हरले आणि ग्रीकांनी पकडलेलं एक फिनिशियन लढाऊ जहाज सूनियनला अर्पण केलं. ती लढाई जिंकणारं अथेन्सचं आरमार उभं राहिलं होतं लाव्रिओनच्या चांदीवर, आणि त्या खाणी सूनियनला अगदी लागून. आत राबायचे ते गुलाम. देवळाच्या वर्णनात हे सहसा येत नाही, यायला हवं.

आजचे खांब अथेन्सचा नेता पेरिक्लीसच्या काळातले, इ.स.पू. ४४४ ते ४४०च्या सुमाराचे. संगमरवर जवळच्याच आग्रिलेझाचा. त्यात लोह नगण्य, म्हणून अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिरासारखी सोनेरी झाक न येता तो पांढराच राहिलाय. खांबाजवळ उभं राहून उभ्या पन्हळी मोजा: १६ भरतात. एरवी या डोरिक शैलीच्या ग्रीक खांबाला २० असतात. खाऱ्या वाऱ्याने पातळ कडा झिजू नयेत म्हणून त्या कमी ठेवल्या, असं मानतात. एका दगडावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलंय. ते त्यानेच कोरलं असं सांगितलं जातं.

पुढे अथेन्स आणि स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धात स्पार्टाने अथेन्सच्या उत्तरेचं डेकेलिया बळकावलं आणि युबिआ बेटाहून खुश्कीने येणारा माल बंद झाला. सगळं सूनियनला वळसा घालून जहाजाने आणावं लागे. म्हणून इ.स.पू. ४१३-४१२च्या हिवाळ्यात अथेन्सने धान्याच्या गलबतांसाठी या टोकाला तटबंदी घातली. तिचे अवशेष आजही दिसतात, पण बहुतेकांचे कॅमेरे खांबांकडेच वळलेले असतात.

गंमत म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासी लेखक पॉसेनिअसने आपल्या ग्रीसवर्णनाची सुरुवातच सूनियनपासून केली आणि माथ्यावरचं हे देऊळ अथीना देवीचं म्हणून नोंदवलं. त्याचं वर्णन भूशिराला वळसा घालणाऱ्या प्रवाशाचं आहे. बहुधा जहाजातूनच पाहिलं असावं. ही चूक कितीतरी शतकं टिकली. १८९७ पासून पुरातत्त्वज्ञ वालेरिओस स्टाइसने केलेल्या उत्खननात शिलालेख मिळाला आणि देऊळ पोसायडनचं ठरलं. अथीनाचं देऊळ खालच्या टेकाडावर होतं. त्याचे काही खांब रोमन काळात अथेन्सला दुसऱ्या देवळासाठी नेले. इथे राहिला तो फक्त पाया.